'घरात कुणी गेलंय का?'

'ताई, मी २७ वर्षांचा आहे. सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत पेंट शॉपला सुपरवायझर आहे. मार्गशीर्षात लग्न ठरलंय. गेल्या दिवाळीपासून दाढी ठेवली आहे. अस्ताव्यस्त नाही, दर रविवारी सलूनमध्ये बसून कोरून घेतो. होणाऱ्या बायकोला आवडते. पण वडिलांनी डोक्यात घेतलंय की बोहल्यावर दाढी चालणार नाही. "घरात कुणी गेलंय का दाढी वाढवायला?" हे त्यांचं रोजचं वाक्य. आत्या म्हणते, नवरदेव आहे की तपोवनातला बुवा! मामा तर साखरपुड्यात चारचौघांसमोर म्हणाले, "हा आपल्यातला वाटतच नाही." मी म्हटलं महाराजांनाही दाढी होती, तर वडील म्हणाले, आधी महाराजांच्या नखाएवढं काहीतरी करून दाखव. दाढी आपल्या संस्कृतीत आहे की नाही, हे एकदा तुम्हीच सांगा. तुमचं उत्तर घरच्या ग्रुपवर टाकणार आहे. (कंपनीत सेफ्टीवालेही मास्कवरून कटकट करतात, पण ते चालायचंच.)
– दाढीवाला, सिडको'

प्रिय दाढीवाल्या,

ग्रुपवर टाकणार म्हणतोस, म्हणजे तुला सल्ला नकोय, वकील हवाय. आणि त्यासाठी गाठलंस कुणाला, तर जिच्या हनुवटीवर दाढी उगवायचा प्रश्नच नाही अशा बाईला. असो. इतिहास सांगते, पोटभर सांगते. पण तो कुणाच्या बाजूने साक्ष देईल याची हमी देत नाही. उलटतपासणीत तो भल्याभल्यांना तोंडघशी पाडतो.

आधी वडिलांचं वाक्य घेऊ, कारण तुझ्या सगळ्या पत्रात तेच जास्त खरं आहे.

सध्या पितृपंधरवडा चालू आहे. एखाद्या सकाळी रामकुंडावर जाऊन उभा राहा. दुतोंड्या मारुतीच्या आसपास, पायऱ्यांवर, कुठेतरी एक माणूस मांडी घालून मान खाली घालून बसलेला असतो. दहा दिवसांचे खुंट वाढलेले, डोळे जागरणाने लाल. समोर उकिडवा बसलेला न्हावी. पूर्वी धोपटीतून वस्तरा निघायचा आणि चामड्याच्या पट्ट्यावर सटासट घासला जायचा. आता वस्तऱ्याच्या खोबणीत अर्धं पातं बसवतात आणि ते नवं आहे हे गिऱ्हाइकाला दाखवून बसवतात. फेस नाही, क्रीम नाही, भांड्यातलं पाणी हाताने चोळायचं आणि सुरू करायचं. आधी डोकं, मग गाल, मग हनुवटी. ओठाशी आला की तो थांबतो आणि हळूच विचारतो, 'मिशी काढायची ना?' कारण मिशी सगळ्यांसाठी उतरवत नाहीत. आई किंवा वडील गेले तरच, अशी आपल्याकडे पुष्कळ घरांत रीत आहे.

तुझ्या वडिलांनी हे आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल, त्यातलं एकदा तरी स्वतःच्या अंगावर घेतलं असेल. नाशिकच्या माणसाला त्यासाठी प्रवास करावा लागत नाही, उलट सगळा महाराष्ट्र त्यासाठी इथे येतो. त्यांच्या लेखी वाढलेली दाढी म्हणजे सुतक, आणि वस्तरा म्हणजे ते सुटल्याची खूण. आता असा चेहरा त्यांना मुंडावळ्यांखाली दिसतोय. ते संस्कृतीवर भाषण करत नाहीयेत. त्यांना अभद्र वाटतंय, आणि बापाला आपल्या तोंडाने 'अभद्र' म्हणवत नाही, म्हणून ते टोमणा मारतात.

सुतकापलीकडेही आपल्याकडे दाढी बहुतेक वेळा कशाची तरी वाट बघताना वाढते. बायकोला दिवस गेले की काही घरांत नवरा बाळ होईपर्यंत वस्तरा लावत नाही. श्रावणात कित्येक जण दाढी करत नाहीत, कुणी नवस बोललेला असतो तो फिटेपर्यंत ठेवतो. काम झालं की दाढी उतरते. म्हणजे वडिलांच्या पिढीने दाढी पाहिली ती अशी, मुदतीची. मुदत नसलेली, हौसेची, तेल लावून विंचरलेली दाढी त्यांच्या वळणात बसत नाही. पूर्वी आपल्या ओळखीच्या घरांत अशी दाढी ठेवायचे ते कवी, कम्युनिस्ट किंवा प्रेमभंगवाले, आणि या तिघांनाही कुणी मुलगी देत नसे.

मिशीचं तर विचारूच नको. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, हे तुला शाळेत सांगितलं असेलच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना बायका मिळेनात, म्हणून पुरुषांनाच लुगडी नेसवायची ठरली. तारामती झाले अण्णा साळुंके. पण बाकीचे पुरुष मिशी काढायला तयार होईनात, कारण बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी? फाळक्यांना त्यांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले, असा किस्सा सिनेमावाले अजून सांगतात. तेव्हा तुझ्या वडिलांची धास्ती काही जगावेगळी नाही. सिनेमासारखी नवलाई दारात आली होती, पैसे मिळणार होते, तरी माणसं ओठावरच्या चार केसांशी अडून बसली होती.

आता तुझा प्रश्न, दाढी आपल्या संस्कृतीत आहे की नाही. आहे. नाहीही.

गृह्यसूत्रांत 'केशान्त' नावाचा संस्कार आहे. मुलाची पहिली दाढी. मनुस्मृती त्याची वयंही देते: ब्राह्मणाला सोळावं वर्ष, क्षत्रियाला बावीसावं, वैश्याला चोविसावं. या संस्काराला 'गोदान' असंही नाव आहे, कारण त्या वेळी गुरूला गाय द्यायची. म्हणजे पहिल्यांदा वस्तरा लागणं हा मुंजीसारखाच एक टप्पा होता. ब्रह्मचाऱ्याने दाढी करून जगात यायचं आणि सगळं उरकून रानात गेला की वानप्रस्थाने ती वाढवायची. वडील हे वाचून खूश होतील. पण ज्यांनी हे नियम सांगितले त्या ऋषींची चित्रं काढताना आपण प्रत्येकाला बेंबीपर्यंत दाढी लावतो, हेही त्यांना वाचून दाखव.

तू रोज कामावर जाताना पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो ना? तिथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू राहायचे. भिक्खूने जवळ बाळगायच्या वस्तू मोजून आठ: तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, सुई, पाणी गाळायचं फडकं आणि वस्तरा. घरदार सोडलं, पण वस्तरा सोडला नाही. इकडे म्हसरूळजवळ गजपंथाला आणि बागलाणात मांगीतुंगीला जैन मुनी येतात. ते वस्तराही बाळगत नाहीत, डोक्याचे आणि दाढीचे केस हाताने उपटून काढतात, त्याला केशलोच म्हणतात. आणि सिंहस्थ आला की गोदाकाठी तपोवनात आणि त्र्यंबकला याच्या बरोबर उलट माणसं येतात, जटा आणि दाढी वर्षानुवर्षं वाढवलेली. सगळे विरक्तच. एकाने शरीराचा मोह सुटावा म्हणून केस काढले, दुसऱ्याने त्याच कारणासाठी कापायचं सोडून दिलं. आत्याला म्हणावं, तपोवनातला बुवा म्हणजे काही शिवी नाही, सिंहस्थात तूच पहाटे उठून त्यांची मिरवणूक बघायला जातेस. (ती जात असेलच. नाशिकची आहे.)

देवांचंही तसंच. रामाला आणि कृष्णाला चित्रकाराने कायम सोळा वर्षांचं ठेवलं, गाल गुळगुळीत. पण आपला खंडोबा बघ, जेजुरीचा घे नाहीतर मालेगावजवळच्या चंदनपुरीचा. घोड्यावर बसलेला, भंडाऱ्याने माखलेला, आणि तस्बिरीत पिळदार मिशा नसतील तर भक्त तस्बीर परत करतील.

मामांचं वाक्य मला जास्त खटकलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते तुला कळलं, साखरपुड्याला आलेल्या सगळ्यांना कळलं आणि मलाही कळलं, म्हणून आडून बोलत नाही. दाढीवरून माणसाचा धर्म ओळखायचा आणि मग त्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरवायचं, ही सवय वाईट आहे. शिवाय इतिहासात ती पदोपदी फसते. अकबर आणि जहांगीर यांची चित्रं बघ, दोघांना नुसत्या मिशा, हनुवटी सफाचट. औरंगजेबाला दाढी होती. पण मनुची नावाचा इटालियन त्या राज्यात राहून गेला, तो लिहितो की दाढी चार बोटांपेक्षा लांब नको म्हणून ती मोजायला आणि कापायला बादशहाने माणसं नेमली होती. त्या काळी आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. इथल्या बाजारात कुणी दाढी मोजायला आला होता की नाही हे ठाऊक नाही, पण मामांचा पूर्वज तिथे सापडला असता तर त्याने कोणती दाढी दाखवली असती, याचा त्यांनी विचार करावा.

आणि शिवाजी महाराज. त्यांचं एक जुनं चित्र हॉलंडमधल्या रिक्सम्युझियममध्ये आहे, दख्खनी चित्रकाराच्या हातचं, त्यांच्या काळाच्या आसपासचं. त्यात टोकदार, आटोपशीर दाढी स्पष्ट दिसते. तशीच दाढी त्या वेळच्या दख्खनच्या सरदारांच्या चित्रांत दिसते, मग सरदार हिंदू असो की मुसलमान. ती त्या मुलखाची आणि त्या काळाची पद्धत होती. तेव्हा तुझा मुद्दा बरोबर आहे, महाराजांना दाढी होतीच. पण तुझ्या वडिलांचं उत्तरही चोख आहे, आणि मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. गल्लीगल्लीत चंद्रकोर आणि कोरीव दाढी दिसते आहे. बरं दिसतं. पण दाढी करणाऱ्यांचीही थोडी आठवण ठेवावी. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला नाभिक समाजातला. १६६० मध्ये पन्हाळ्याहून महाराज निसटावेत म्हणून त्यांचं सोंग घेऊन शत्रूच्या हाती गेलेला आणि मारला गेलेला शिवा काशीद, तोही नाभिकच. महाराजांच्या दाढीचा दाखला देणाऱ्याला ही दोन नावं तोंडपाठ हवीत.

वस्तऱ्याची सगळीच कामं अशी अभिमानाची नव्हती, हेही सांगायला हवं. विधवांचं केशवपन याच हत्याराने व्हायचं, तीर्थाच्या घाटांवर व्हायचं, आणि शास्त्र म्हणून व्हायचं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि हे काम आम्ही करणार नाही, असं सांगितलं. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांना समाज पंक्तीला घेत नव्हता त्यांनी हात आखडला, आणि शास्त्र सांगणारे बघत राहिले. म्हणून कुणी 'चालत आलंय' म्हणालं की मी आधी विचारते, कुणाच्या हाताने चालत आलंय?

वडिलांना वाटतं की रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणं ही आपली पूर्वापार चाल आहे. ती फार तर शंभर वर्षांची आहे. बलुतेदारीत न्हावी घरोघर फिरायचा, आठा-पंधरा दिवसांनी एकेकाची पाळी यायची, आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळायचा. तुझ्या पणजोबांच्या गालांवर महिन्यातले बरेच दिवस खुंट असणार. रोजची दाढी आली ती अमेरिकेतून. किंग जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याला वापरून फेकायच्या पात्याची कल्पना सुचली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे जेमतेम ५१ रेझर खपले. मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकी सैन्याने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. पोरं घरी परतली ती रोज दाढी करायची सवय घेऊन, आणि ती सवय साहेबाबरोबर जगभर पसरली. हपिसात जायचं म्हणजे दाढी करून जायचं, हे तेव्हापासूनचं. साहेबाचंही काही स्थिर नव्हतं म्हणा. ब्रिटिश सैन्यात वरचा ओठ भादरायला मनाई होती, आणि १९१६ साली तो नियम त्यांनीच काढून टाकला.

याच महायुद्धात विषारी वायू आला आणि त्यामागोमाग मास्क आला. गालाला घट्ट बसला नाही तर मास्क कुचकामी, हे तेव्हा खंदकातल्या पोरांना जीव देऊन कळलं. हे वाक्य लक्षात ठेव, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

बाकी जगात दाढीवरून काय काय झालं ते पटकन सांगते, कारण ते मजेचं आहे. इजिप्तमध्ये राजाने खोटी दाढी लावायची रीत होती, म्हणून हत्शेपसुत ही राणी गादीवर बसली तेव्हा तिच्या पुतळ्यांनाही दाढी लावली गेली. शिकंदराने लढाईआधी सैनिकांच्या दाढ्या उतरवल्या, शत्रूला धरायला मूठ मिळू नये म्हणून, असं प्लुटार्क सांगतो. रशियाच्या पीटरने १७०५ साली दाढीवर कर बसवला. कर भरला की एक बिल्ला मिळायचा, त्याच्यावर नाक, मिशी आणि दाढी कोरलेली. खेड्यातल्या शेतकऱ्याला घरी माफ, पण शहराच्या वेशीत शिरताना एक कोपेक द्यावा लागे. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला शंभर रूबल. १७७२ पर्यंत तो कर चालला. सरकारने बिनपाण्याने हजामत करावी ती अशी.

एक गोष्ट मात्र तुझ्या होणाऱ्या बायकोसाठी राखून ठेवली आहे. १८६० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. अकरा वर्षांच्या एका मुलीने उमेदवाराला पत्र लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवाल तर बरे दिसाल. बायकांना दाढी आवडते, त्या आपल्या नवऱ्यांच्या मागे लागतील आणि ते तुम्हाला मत देतील. बायकांना मताचा हक्क नव्हता, पण मत कसं वळवायचं हे त्या पोरीला ठाऊक होतं. उमेदवाराचं नाव अब्राहम लिंकन. त्याने उत्तर पाठवलं, की मी आजवर दाढी ठेवलेली नाही, आता ठेवली तर लोक याला खूळ म्हणणार नाहीत का? आणि मग ठेवली. आज नोटेवर दिसतो तो दाढीसकट. तेव्हा मुलीला आवडते म्हणून दाढी ठेवणं यात कमीपणा काही नाही, मोठी उदाहरणं आहेत. फक्त तिने तुला दाढीशिवाय कधी पाहिलंय का? दिवाळीपासून दाढी आहे आणि स्थळ त्यानंतर आलं असेल, तर नसणार. तिला जुना फोटो दाखव. हसली तर हसू दे, मांडवात हसण्यापेक्षा बरं.

जाता जाता, या सदराला हनुवटीवरच्या केसांबद्दल पत्रं येतात ती बहुतेक मुलींची. पीसीओएस या हार्मोन्सच्या त्रासामुळे आलेले चार केस लपवण्यासाठी त्या थ्रेडिंग, वॅक्सिंग, ओढणी, मास्क, फोटोत मान वळवणं, काय काय करतात, आणि आईलाही सांगत नाहीत. त्यांना घरच्या ग्रुपवर टाकायला कुणाचं उत्तर नको असतं, उलट पत्र छापू नका म्हणून विनवतात. तुझं भांडण मला थोडं ऐशारामी वाटतं, ते त्यामुळे. राग मानू नको.

आता तो कंस.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू कंसात लिहिलीस आणि वर 'चालायचंच' म्हणालास. पेंट शॉपमध्ये मास्कवरून सेफ्टीवाले जे बोलतात ती कटकट नाही. तुमच्याकडे टू-पॅक पीयू रंग, म्हणजे ऐनवेळी हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग, फवारत असतील तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे त्याचा नुसता वारा लागला तरी छाती भरून येते. मग रंगाचं कामच सुटतं. कार्ट्रिजचा अर्धमुखी मास्क गालांवर आणि हनुवटीखाली त्वचेला चिकटून बसतो म्हणून काम करतो. मधे दाढीचे केस आले की हवा कार्ट्रिजमधून न येता कडेच्या फटीतून येते, आणि येताना सगळं घेऊन येते. दोन दिवसांच्या खुंटांनीही गळती होते. कार्ट्रिज तळहातांनी झाकून श्वास आत ओढला तर मास्क चेहऱ्याला ओढला जायला हवा. तुझा जात नसेल. आणि जात असला तरी दाढीवर त्याचा भरवसा धरू नको. शिवाय तू सुपरवायझर आहेस. तुला बघून तुझ्या हाताखालची पोरंही दाढीवर मास्क लावत असणार.

तेव्हा उत्तर असं. दाढी उद्या काढ. संस्कृतीसाठी नको आणि वडिलांसाठीही नको. काढताना वडिलांना कारण नीट सांग, नाहीतर आपण जिंकलो म्हणून ते आत्याला फोन लावतील.

मग कंपनीत लेखी मागणी कर. दाढीवाल्यांसाठी डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारा हुड मिळतो. कमरेच्या पट्ट्यावरच्या पंख्यातून नाहीतर नळीतून त्याच्यात स्वच्छ हवा सोडतात, चेहऱ्याला काही चिकटवावं लागत नाही. साध्या मास्कपेक्षा महाग असतो, त्यामुळे लगेच हो म्हणणार नाहीत. पण तुझ्यासारखे आणखी असतील. शिखांना आणि धर्माने दाढी ठेवणाऱ्या मुसलमानांना तर दुसरा पर्यायच नसतो. सगळ्यांच्या सह्या घे. हुड आला तर खुशाल वाढव. दाढी महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढते, लग्नाला अजून दोन महिन्यांच्या वर आहेत, कोरण्याइतकी सहज येईल. दाट येण्यासाठी रोज वस्तरा फिरवायचा सल्ला मित्र देतील, त्याने काही होत नाही, दाटपणा घराण्यातून येतो.

आणि हुड नाही आला, तर मिशी ठेव. मास्कच्या आत मावेल अशी, बाजूला न पसरणारी मिशी असेल तर सील बिघडत नाही. फक्त आतल्या झडपेला लागता कामा नये. वडिलांना मिशी आहे का, हे तू लिहिलं नाहीस. असेल असं मी धरून चालते. त्यांच्या लग्नाचा फोटो काढून बघ, तेव्हा कल्ले कुठपर्यंत उतरले होते ते मोज आणि त्यांना नम्रपणे दाखव. आजोबा त्या कल्ल्यांना काय म्हणाले होते, तेही विचार.

हुड येऊन दाढी राहिलीच, तर लग्नाआधी त्यांच्याशी एकदा एकट्याने बोल, ग्रुपवर नाही. 'तुम्हाला अभद्र वाटतं का?' असं सरळ विचार. हो म्हणाले तर त्यांना काय बघून तसं वाटतं ते ऐकून घे, मधे महाराजांना आणू नको. ऐकल्यावरही ठेवायची असेल तर ठेव, लग्न तुझं आहे. पण त्यांच्या न्हाव्याकडून कोरून घे. सलूनमधल्या मशीनच्या कामापेक्षा जुन्या माणसाच्या कात्रीचं काम मांडवात जास्त शोभतं, असं माझं मत आहे. मामांना मात्र काही समजावत बसू नको. पुढच्या वेळी चारचौघांत बोलले की चारचौघांतच विचार, 'आपल्यातला म्हणजे कोणातला, मामा?' उत्तर येईपर्यंत तिथेच उभा राहा.

उद्या काढताना एवढं कर. आधी ट्रिमरने बारीक कर, मग गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं धर, आणि केसांच्या दिशेने एकदाच फिरव, उलटा हात नको. जवळजवळ वर्षभर झाकलेली कातडी कोवळी असते, पुरळ उठेल, तुरटी फिरव. आणि लग्नात गाल साफ ठेवायचे ठरले तर दाढी हळदीच्या आदल्या दिवशीच उरकून घे. हळदीच्या सकाळी वस्तरा लावलास तर पहिल्या बोटालाच हळद झोंबेल, आणि फोटोवाला म्हणत राहील, नवरदेव, जरा हसा.